पवनीचे माग आणि वैनगंगेचे पाणी

भंडारा जिल्ह्यातील पवनीला तीन बाजूंना खंदक आणि चौथीला वैनगंगा. खंदक शत्रूसाठी खोदला. नदीशी मात्र गावाचा व्यवहार निराळा. 1969-70 साली येथील जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, म्हणजे हे शेजारपण दोन हजार वर्षांहून जुने.

एवढ्या जुन्या गावातील कोष्ट्याचा माग मात्र पुरापुढे फार हळवा. रेशीमकाठी वस्त्रे विणणारा कारागीर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसे. ओलसर हवेत सूत तुटत नाही, म्हणून माग मुद्दाम जमिनीशी नेलेला. पण पुराचे पाणी पहिल्यांदा भरते तेही त्याच खड्ड्यात! 2020 च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे 33 दरवाजे उघडले गेले, आणि पवनी तर धरणाच्या खालच्या अंगाला.

माग थंडावलेल्या अशा घरांचे काय करावे? सिमेंटचा गिलावा चढवून पाणी अडवावे, असे सुचवणारे भेटतात. मला ते पटत नाही. जुनी भिंत ओली होणारच. सिमेंट ती ओल आतच कोंडते, चुना तिला बाहेर पडू देतो. जर्मनीत हाम्बुर्गच्या आल्टोना भागातील 1896 चा मासळी-लिलावमंडप एल्ब नदीच्या उधाणात वारंवार पाण्यात जातो, आणि तरी तो आज समारंभांसाठी वापरात आहे. आपणही खाली धुता येणारी फरशी घालावी, विजेच्या तारा उंच न्याव्यात, किमती सामान माळ्यावर ठेवावे.

एका घरातला मागाचा खड्डा मात्र मी बुजवू देणार नाही. त्यात पाणी भरले तर उपसता येते.