बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

चैत्राचे ऊन तापू लागते, आपल्या व्याख्यानमालेचे दिवस येतात, त्याच सुमारास हिवाळी पाहुणे पक्षी उत्तरेची वाट धरतात. भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयात, भिगवणच्या उथळ पाण्यात, हिवाळाभर रोहित पक्ष्यांचे थवे उभे असतात आणि त्यांचे फोटो टिपावयास हौशी मंडळी पहाटेपासून नावेत बसतात. हा छंद आज निरुपद्रवी वाटतो. तथापि त्याचा इतिहास पाहू लागले, की तो बंदुकीच्या सावलीत वाढलेला आहे असे आढळते.

१८८२ साली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एक यंत्र तयार केले. त्यास दस्ता होता, नळी होती, चापही होता. चाप ओढताच एका सेकंदात बारा चित्रे टिपली जात. नेपल्सजवळ हा गृहस्थ उडत्या पक्ष्यांवर नेम धरी, आणि पक्षी मात्र एकही खाली पडत नसे! लोकांनी त्यास खुळा ठरविला असे सांगतात. पक्षी जिवंत सोडून त्याच्यापासून ज्ञान मिळविता येते, ही कल्पनाच त्या काळी अनोखी होती.

पुढची मजल इंग्लंडातील केर्टन बंधूंनी मारली. यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातील रिचर्ड आणि चेरी या दोघा भावांनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर जे पुस्तक काढले, त्यात हाताने काढलेल्या चित्रांच्या जागी प्रत्यक्ष निसर्गात घेतलेली छायाचित्रे होती. त्या वेळचे कॅमेरे अवजड, काचा नाजूक, दूरचे जवळ आणणारी भिंगे दुर्मिळ. पक्ष्याच्या निकट जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल बनविला आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह तासन् तास उभे राहण्याची तपश्चर्या केली. पक्ष्यास माणसाचा विसर पडेपर्यंत थांबावयाचे, हा धडा त्या बैलाने घालून दिला.

आता आपल्या देशाकडे वळू. राजस्थानातील भरतपूरजवळ केवलादेव नावाचे पाणथळ रान आहे. तेथे १९०२ पासून संस्थानिक आणि बडे पाहुणे यांच्यासाठी बदकांच्या शिकारी होत. त्यांचा हिशेब दगडी शिळांवर कोरलेला आजही वाचावयास मिळतो. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्यांचे हे स्वागत!

मुंबईत जन्मलेले डॉ. सलीम अली यांचाही पक्ष्यांशी पहिला परिचय बंदुकीनेच झाला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटविण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथेच रमले. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरचे लोक वान थो हे धनाढ्य गृहस्थ बोटीवरील बाँबहल्ल्यात होरपळले आणि काही काळ त्यांची दृष्टीही गेली. पुढे ते भारतात आले, सलीम अलींच्या सहवासात पक्ष्यांमागे हिंडले आणि निष्णात छायाचित्रकार झाले. गेलेली दृष्टी परत मिळालेल्या माणसाने ती पक्ष्यांकडे लावावी, यापरते त्या दृष्टीचे सार्थक ते कोणते?

१९५६ साली केवलादेव अभयारण्य झाले. १९५९ पासून सोसायटीने पक्षी पकडून त्यांच्या पायांत कडी घालून सोडण्याचे मोठे काम हाती घेतले. मुंबईस कळवा, अशी सूचना कोरलेली ती कडी दूर सोव्हिएत प्रदेशात सापडू लागली. शिळा मेलेल्यांची संख्या सांगत होत्या; कडी जिवंतांचा प्रवास सांगू लागली. तरीही मानकऱ्यांची शिकार १९७२ पर्यंत पुरती थांबली नव्हती.

परंतु बंदूक थांबली म्हणून सर्व साधले काय? ओब नदीच्या खोऱ्यातून पांढरेशुभ्र सैबेरियन क्रौंच दर हिवाळ्यात केवलादेवला येत. १९६० नंतरच्या दशकात ते शंभराहून अधिक होते. पुढे वाटेवर शिकारी, वाटेवर युद्धे, आटणारी तळी. संख्या घसरत गेली. २००२ साली शेवटची जोडी दिसली. त्यांचे फोटो आहेत, सुरेख आहेत. पण फोटो पुढच्या हिवाळ्यात परत येत नाही.

म्हणून भिगवणच्या नावेतील मित्रांस एवढेच सांगावेसे वाटते. उडता थवा टिपण्याच्या मोहाने नाव थव्यात घालू नका. अंगावर साठविलेल्या चरबीच्या शिदोरीवर पक्ष्यास पुढची मजल मारावयाची असते. आपण त्यास उगाच उडविले, की त्या शिदोरीतील घास आपण हिरावून घेतो. चाप ओढणारे बोट तेच राहिले आणि हत्यार तेवढे बदलले, तर त्यास सुधारणा कसे म्हणावे? केर्टन बंधू बैलाच्या पोटात थांबले होते. आपल्यास नावेत थोडे अंतर राखून थांबावयाचे आहे. फोटो काढून झाल्यावरही पक्षी तेथेच चरत राहिला, तर तो फोटो खरा साधला असे समजावे.