ऑपरेशन झालं, पण पुढे काय झालं?

गोवंडीहून हार्बरने कुर्ला, गाडी बदलून परळ. कॅन्सरची फाइल घेऊन हा प्रवास करणारी माणसं आपल्या गल्लीगल्लीत आहेत. "ऑपरेशन कुठे करू?" असं कुणी विचारलं की आपण शेजाऱ्याचा अनुभव सांगतो. आकडा आपल्यापाशी नसतो.

मंडळी, कॅन्सरची मोजदाद देशात पहिल्यांदा आपल्या मुंबईतच सुरू झाली. १९४१ ला टाटा हॉस्पिटल उघडलं. १९६३ ला इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबई कॅन्सर रजिस्ट्री काढली. कर्मचारी हॉस्पिटलं फिरून केसपेपर उतरवून घेत. १९८२ पासून हेच काम देशपातळीवर आलं, १९८७ ला बार्शीच्या खेड्यांत पोचलं. कुणाला, कुठला, किती कॅन्सर होतो ते कळू लागलं.

पण ऑपरेशननंतर जखम चिघळली का, महिन्याभरात रुग्ण दगावला का, हा हिशेब वेगळा. बॉस्टनच्या डॉ. कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वी तो मागितला, तेव्हा सहकारीच नाराज झाले. धास्ती आजही तीच: अवघड केस घेणाऱ्याचे आकडे वाईट दिसतात. म्हणून आजाराची स्टेजही सोबत नोंदवायला हवी.

२०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरची हॉस्पिटलं जोडलीत. हा हिशेब तिथून मागता येईल.

आणि आपलं काम? गावी परतलात तरी हॉस्पिटलला चालू नंबर द्या, फोन आला तर उचला. तुमचं उत्तर पुढच्या रुग्णाच्या कामी येईल.