सतिपट्ठान
सतिपट्ठान : (सं. स्मृत्युपस्थान). बौद्ध परंपरेतील जागरूक अवधानाची साधना. पाली ‘सति’ या शब्दात स्मरण आणि सावधपणा हे दोन्ही अर्थ येतात. मज्झिमनिकायातील ‘सतिपट्ठानसुत्त’ हा तिचा मुख्य आधार असून त्यात अवधानाची चार क्षेत्रे सांगितली आहेत : काया, वेदना (सुखद, दुःखद वा तटस्थ अनुभूती), चित्त आणि धम्म (मनात येणारे विषय). आरंभ बहुधा श्वासापासून होतो. श्वास बदलायचा नसतो. तो दीर्घ आहे की ऱ्हस्व, एवढेच जाणायचे असते.

साधनेचे मर्म वेदनांच्या निरीक्षणात आहे. प्रतीत्यसमुत्पाद या कार्यकारणाच्या बौद्ध सिद्धांतानुसार वेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून आसक्ती उपजते. बैठकीत गुडघा दुखू लागतो, चीड येते आणि ‘आता सहन होणार नाही’ असे मन घोकू लागते. दुखणे आपल्या हाती नसले, तरी पुढच्या चिडीत आणि घोकण्यात आपला वाटा असतो. तो वेळीच दिसला, की अनुभवाला वेगळे वळण देता येते. हे स्वातंत्र्य लहान दिसले, तरी फार मोलाचे आहे.

ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ पासून भारतात याच साधनेवर आधारलेल्या विपश्यनेची शिबिरे घेतली. इगतपुरीचे धम्मगिरी हे या परंपरेचे प्रमुख केंद्र होय. तेथील १० दिवसांच्या शिबिरात आधी आनापान (श्वासाचे अवधान) आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना (वेदनांचे निरीक्षण) शिकवतात.