अनोळखी अंगाचं माप

आमच्या घरातल्या बायका जुन्या गोष्टी स्वेटरांवरून सांगतात. कोणाची मुंज कुठल्या साली झाली हे आत्याला आठवत नाही, पण तेव्हा त्याची छाती सव्वीस होती हे पक्कं आठवतं. या सगळ्यांत एकच स्वेटर असा, ज्याचं माप कुणीच घेतलं नव्हतं.

ऑक्टोबर १९६२. चीनचं आक्रमण झालं, आणि आपले जवान सुती कपड्यांत, कॅनव्हासच्या बुटांत बर्फात लढताहेत असं पुण्यात ऐकू येऊ लागलं. देशभर बायकांनी सुया हाती घेतल्या. कुणी संरक्षण निधीला बांगड्या दिल्या. आजीकडे सोनं नव्हतं, विणकाम होतं. वाड्यात लोकर आली. ती खाकी होती असं आजी सांगायची. आत्या म्हणते, छे, गर्द हिरवी. दोघींचं यावर कधी जुळलं नाही.

नमुना अडतीस छातीचा. फोर-प्लाय लोकर, दहा नंबरच्या सुया, इंचाला सात टाके. सैलपणाचे दोन इंच धरून घेर चाळीस, म्हणजे पाठीला वीस इंच, १४० टाके. पण आजीचा हात घट्ट, तिच्या इंचात साडेसात टाके बसत. नमुन्यावर विसंबली असती तर स्वेटर अडीच इंचांहून जास्त आखडला असता. तिने १५० टाके घातले.

खरा प्रश्न पुढेच होता. जवान अडतीस छातीचाच कशावरून? शीख असेल, गुरखा असेल. म्हणून तिने साधी वीण सोडली आणि खालच्या काठापासून खांद्यापर्यंत दोन सुलट, दोन उलट चालवलं. ही वीण लोकर जास्त खाते, पण सडपातळ अंगाला धरून राहते आणि रुंद छातीवर ताणली जाते. मनगटाची पट्टी दुप्पट लांब ठेवली, दुमडता येईल अशी.

मोठ्या काकूंनी हरकत घेतली, “अहो, नमुन्यात असं नाहीये.”

“नमुना लिहिणाऱ्याने तरी त्याला कुठे पाहिलाय?” आजी म्हणाली.

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. छापील नमुना कुणाच्या तरी अंगाचा अंदाज असतो. समोरच्या माणसाची काळजी विणणारीनेच करायची.

नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. आजीच्या सांगण्यात तो आठवडा ‘दुसरी बाही सुईवर होती तेव्हाचा’. लढाई थांबली, पण डोंगरावरचा हिवाळा तेव्हा कुठे सुरू होत होता. सुया कुणी खाली ठेवल्या नाहीत.

पुढे नातवंडांसाठी विणताना ती बाहीचे टाके मुंढ्यावरून उचलून मनगटाकडे उतरायची. मूल वाढलं की पट्टी उसवायची, हवी तेवढी बाही वाढवायची आणि पट्टी पुन्हा विणायची. त्यासाठी त्याच लोकरीची एक लडी पहिल्या दिवशीच बाजूला पडे, कारण पुढच्या वर्षी दुकानात नेमकी तीच छटा मिळेल याचा भरवसा नसे.