पुन्हा आकाशात

श्रोतेहो, डोक्यावरून विमान गेले की शेतातला माणूस आजही हातचे काम थांबवून क्षणभर वर पाहतो. शंभर वर्षांमागे तर विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड! तसल्या विमानातून पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका बंगाली तरुणाची ही हकीकत. त्याचे नाव इंद्रलाल रॉय.

इंद्रलालचा जन्म कलकत्त्याचा, २ डिसेंबर १८९८ चा. वडील बॅरिस्टर, शाळा लंडनची. त्या काळी हिंदी माणूस लढाऊ पलटणीत शिपाई होई, सुभेदारही होई. पण गोऱ्या अंमलदाराच्या बरोबरीची जागा काही त्याला मिळत नसे. महायुद्धात वैमानिकांची गरज वाढली आणि हे दार किंचित किलकिले झाले. १९१७ साली इंद्रलाल इंग्रजांच्या हवाई दलात शिरला.

त्याच डिसेंबरात फ्रान्समध्ये त्याचे विमान कोसळले. दुखापत जबर होती. डॉक्टरांनी त्याला उड्डाणाला नालायक ठरवले. तो तिथेच थांबता, तर कोणी नाव ठेवले नसते. पण गडी हट्टी! जून १९१८ मध्ये तो फ्रान्सला ४० व्या स्क्वाड्रनमध्ये परत हजर झाला. ६ ते १९ जुलै, अवघ्या दोन आठवड्यांत, त्याच्या नावावर १० विजय नोंदले गेले. काही सोबत्यांच्या जोडीने मिळवलेले. २२ जुलैला कार्व्हँ गावावर जर्मन विमानांशी झुंजताना त्याचे विमान पेटून खाली आले. इंग्रज वैमानिकांना तेव्हा हवाई छत्रीही देत नसत. त्याला विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. मरणोत्तर 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' मिळवणारा तो पहिला हिंदी वैमानिक.

कोणी म्हणेल, लढाई परक्यांची. मग आपल्याला तिचे काय कौतुक? प्रश्न रास्त आहे. पण हिंदी माणसाला हे जमायचे नाही, असे म्हणणाऱ्यांना त्याने आकाशातून उत्तर दिले. पुढे १९३२ साली आपले हवाई दल उभे राहिले. त्याच्या पहिल्या वैमानिकांत इंद्रलालचे भाचे सुब्रतो मुखर्जी होते. १९५४ साली तेच या दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. मामाच्या मरणाला तेव्हा सुमारे ३६ वर्षे लोटली होती.

शिक्षकमित्रांनो, वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा त्या दोन आठवड्यांचा पराक्रम जरूर सांगा. पण डिसेंबर ते जून हे पडल्यानंतरचे सहा महिने गाळू नका. परीक्षेत नापास झालेल्या पोराला धीर मिळेल तो त्यांतूनच.