कविराय, धोंडी आणि श्रेष्ठत्वाचा फड

सोलापुरात पार्क चौकाच्या बाजूला संध्याकाळी चहा घ्यायला थांबले, की शेजारच्या बाकावरचा वाद आपोआप कानावर पडतो. बहुधा तो क्रिकेटचा असतो, निवडणुकीच्या दिवसांत राजकारणाचा. त्या दिवशी तो रॅपचा होता. चौघे-पाचजण एम. ए.चे विद्यार्थी, त्यांतले दोघे माझ्याच वर्गातले. आणि प्रश्न एकच, आजवरचा सर्वश्रेष्ठ रॅपर कोण? एकाचा टुपाक, दुसऱ्याचा बिगी, तिसऱ्याला नासपुढे दोघेही फिके वाटत होते. चौथ्याने एमिनेमचे नाव काढले तेव्हा मात्र सगळे त्याच्यावर तुटून पडले. "त्याचं काय घेऊन बसला बे? तो त्यांच्यातला आहे का?" यावर त्या मुलाने शांतपणे उत्तर दिले, की यमकात त्याला हरवणारा दाखवा, मग बोला.

मी चहा संपवून उठलो, पण हा सवाल-जवाब डोक्यातून गेला नाही. कारण हा वाद मी पूर्वी वाचला होता. फक्त त्यात नावे निराळी होती, आणि त्यातला मुख्य आरोपी आमच्याच गावचा होता.

राम जोशी सोलापूरचे. त्यांचे जन्मसाल काही अभ्यासक १७५८ मानतात, काही १७६२. मृत्यू १८१२च्या सुमाराचा. घर वैदिक ब्राह्मणाचे, थोरले बंधू मुद्गल हे व्युत्पन्न पुराणिक. या घरातला धाकटा मुलगा धोंडी शाहिराच्या तमाशाच्या फडात जाऊन बसू लागला, त्याला लावण्या रचून देऊ लागला, आणि पुढे स्वतःच उभा राहून गाऊ लागला. भावाने घराबाहेर काढले. मग पंढरपूर, तेथे संस्कृताचे अध्ययन, मोरोपंतांच्या आर्यांवर आधारलेली कीर्तने, त्यांतून मिळालेली कीर्ती, आणि पुन्हा तमाशा. उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले. चरित्राचा हा आराखडा इतका नाट्यपूर्ण आहे, की १९४७ साली राजकमलने 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट काढला तेव्हा गदिमांना कल्पनेला फारसे ताणावे लागले नसेल. जयराम शिलेदारांचा राम जोशी आणि हंसा वाडकरांची बया पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली. पण राम जोशी म्हटल्यावर सामान्य मराठी माणसाच्या मनात जे चित्र उभे राहते ते आजही त्या चित्रपटाचेच असते.

आता प्रश्न श्रेष्ठत्वाचा. पेशवाईच्या शाहिरांची जी नामावळी आपण पाठ्यपुस्तकांतून शिकतो आणि शिकवतो, तीत सहा नावे असतात. संगमनेरचे अनंत फंदी, सोलापूरचे राम जोशी, पुण्याचे होनाजी बाळा आणि प्रभाकर, जेजुरीचे सगनभाऊ आणि सिन्नरजवळच्या वावीचे परशराम. या सहांमध्ये मोठा कोण, हा वाद मराठी समीक्षेइतकाच जुना आहे. अक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह काढला, पुढे शाळिग्रामांनी लावण्याही छापल्या, य. न. केळकरांनी शाहिरांना 'तंतकवी' म्हणून मोठ्या आस्थेने उजेडात आणले, म. वा. धोंडांनी १९५६ साली 'मऱ्हाटी लावणी' लिहून त्या प्रकाराला स्वतंत्र अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली. या सगळ्या वाटचालीत राम जोशांचे नाव कधी खाली गेले नाही. संत, पंत आणि तंत अशा तीन ओळींत मराठी कवींना बसवण्याची आपली जी सवय आहे, तिच्यात तंतांच्या ओळीत बसूनही पंतांशी बरोबरीने बोलू शकणारा हा एकच माणूस होता.

आणि अडचण नेमकी तिथेच आहे. राम जोशांच्या मोठेपणाचा दाखला देताना आपण हमखास काय सांगतो? ते संस्कृतज्ञ होते. मोरोपंतांसारख्या महाकवीशी त्यांचा स्नेह होता आणि पंतांची आर्या त्यांनी कीर्तनातून गावोगाव नेली. त्यांची रचना प्रौढ, अलंकारप्रचुर, निर्दोष. यातले एकही प्रमाणपत्र फडाने दिलेले नाही. ही सगळी बारामतीच्या वाड्यातून आणि पंढरपूरच्या पाठशाळेतून आलेली आहेत. तमाशाच्या बोर्डावर उभा राहिलेला शाहीर मोठा की लहान, हे ठरवायला आपण तमाशाबाहेरचा गज वापरतो, आणि त्या गजाने मोजल्यावर त्या गजाच्या घरातला माणूस सर्वांत उंच भरतो, याचे आपल्याला आश्चर्यही वाटत नाही.

चहाच्या बाकावरचा आक्षेप हाच होता. रॅप हा १९७३ सालापासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत घडत गेलेला प्रकार. त्यात गोऱ्या कातडीचा एक मुलगा येतो, अफाट शब्दकौशल्य दाखवतो, इतर कोणाहूनही जास्त खपतो, आणि ज्यांनी आयुष्यात दुसरा रॅपर ऐकलेला नाही तेही त्याला सर्वश्रेष्ठ म्हणू लागतात. त्याचे कौशल्य खोटे नाही. पण त्याच्या कौतुकातला किती भाग कौशल्याला मिळाला आणि किती त्याच्या कातडीला, हे वेगळे काढता येत नाही. तमाशाच्या फडात उभ्या राहिलेल्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांमध्ये एक जोशी येऊन उभा राहिला, तेव्हाचे गणित याहून फार निराळे नव्हते. फरक असलाच तर एवढा, की राम जोशांना त्याची किंमत घरातून हाकलले जाऊन मोजावी लागली.

(या तुलनेला मी फार ताणू इच्छित नाही. वंश आणि जात या एकच गोष्ट नव्हेत. आणि सहांच्या नामावळीत जेजुरीचा शिकलगार मुसलमान, वावीचा शिंपी आणि पुण्याचा गवळीही आहेत, हे विसरून चालणार नाही. निदान तेवढे श्रेय त्या नामावळीला द्यायला हवे.)

मग फडाचा स्वतःचा गज कोणता होता? त्याचे उत्तर कलगी-तुऱ्यात आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. मध्य भारतातली आख्यायिका अशी, की तुकनगीर हा गोसावी आणि शाहअली हा फकीर यांच्यात असा वाद रंगला आणि चंदेरीच्या राजाने एकाला तुरा व दुसऱ्याला कलगी बहाल केली. आख्यायिका खरी असो वा नसो, परंपरा माळवा-राजस्थानापासून कर्नाटकापर्यंत पसरलेली आहे. आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडून विजापूरकडे गेले, की तेच दोन पक्ष कानडीत हरदेशी आणि नागेशी या नावांनी भेटतात. कोकणात त्याचा शक्ती-तुरा होतो. एका बाजूने डफावर थाप मारून सवाल टाकायचा, बहुधा पुराणातला किंवा सृष्टीच्या उत्पत्तीतला. दुसऱ्या बाजूने त्याच चालीत, त्याच रात्री जवाब द्यायचा आणि उलट सवाल करायचा. या भेदिक लावण्यांत पाठांतर लागते, हजरजबाबीपणा लागतो, आणि झीलकऱ्यांनी सूर लांबवला आहे तेवढ्या वेळात पुढची ओळ मनात जुळवण्याचे धैर्य लागते. निकाल देणारे समोर घोंगडीवर बसलेले असतात. त्यांना संस्कृत येत नसले तरी जवाब चुकला हे बरोबर कळते.

हिप-हॉपच्या इतिहासात याचे फार जवळचे उदाहरण आहे. १९८१च्या डिसेंबरात हार्लेम वर्ल्ड नावाच्या क्लबात बिझी बी या लोकप्रिय रॅपरला कूल मो डी याने जाहीर आव्हान दिले. बिझी बीची ख्याती श्रोत्यांना डोलवण्याची, त्यांच्याकडून ओळी म्हणवून घेण्याची. कूल मो डीने त्याचे नाव घेऊन, त्याच्या त्याच त्या युक्त्यांवर बोट ठेवून, घट्ट बांधलेल्या यमकांचा मारा केला. त्या रात्रीच्या कॅसेटी हातोहात फिरल्या, आणि तेथून पुढे रॅपर म्हणजे केवळ मैफल रंगवणारा नव्हे, शब्दांचा कसबी, अशी समजूत रूढ होत गेली. श्रेष्ठत्वाचा गज त्या रात्री बदलला, पण तो फडानेच बदलला, बाहेरच्या कोणी नव्हे. पुढे याद्या आल्या. २००६ साली एमटीव्हीने आणि २०२३ साली बिलबोर्डने जे-झीला पहिले स्थान दिले. यादी छापली की वाद मिटतो असे संपादकांना वाटत असावे. प्रत्यक्षात त्याला नवे सरपण मिळते.

मजेची गोष्ट ही, की काही बाबतींत आपला गज त्यांच्याहून उदार होता. रॅपरने दुसऱ्याचे लिहिलेले गाणे ही नामुष्की समजली जाते; २०१५ साली ड्रेकवर मीक मिलने तोच आरोप केला आणि त्याचा डाग अद्याप पुरता गेलेला नाही. इकडे होनाजी शिलारखाने लिहीत आणि बाळा करंजकर गात, आणि दोघांचे मिळून एकच नाव झाले. कोणी म्हटले नाही, की बाळा गातो ते त्याचे नव्हे. लावणीत शब्द, चाल आणि गळा या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत, हे श्रोत्यांना ठाऊक होते. मात्र छापील पुस्तकात यातली एकच मालमत्ता उतरते. त्यामुळे छपाईनंतर जो शाहीर कागदावर चांगला दिसतो तो मोठा ठरला. होनाजीचे यात नुकसान झाले असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची निम्मी कविता चालीत आहे. राम जोशांचा फायदा झाला, कारण त्यांचा नाद अक्षरांतच बांधलेला असतो. अनुप्रास आणि आंतरयमके इतकी दाट, की मनात वाचतानाही डफ वाजतो.

येथवर मी आमच्या गावच्या कवीविरुद्ध वकिली केली. आता त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. राम जोशांनी संस्कृत, मराठी, हिंदुस्तानी आणि कानडी अशा चार भाषा एकाच रचनेत गुंफल्या, याचा उल्लेख त्यांच्या पांडित्याचा नमुना म्हणून होतो. पुण्यात बसून पाहिले तर तो तसा दिसणारच. पण सोलापुरात राहणाऱ्याला त्यात पांडित्य दिसत नाही, बाजार दिसतो. या गावाचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात कानडीत वचने रचत होते. येथे घरात एक भाषा, पेठेत दुसरी, किल्ल्याच्या बाजूला तिसरी. पुढे विणकरांबरोबर तेलुगूही आली. अशा गावात फडासमोर बसलेल्या माणसांत निम्मे कानडी असणार, काही दखनी बोलणारे असणार. चार भाषांची लावणी म्हणजे त्या चारही घोळक्यांकडे एकेकदा तोंड करून गाणे. संस्कृतची ओळ कदाचित भावासाठी असेल. हे माझे अनुमान आहे, पण मला ते पांडित्याच्या सिद्धांतापेक्षा अधिक पटते. म्हणजे ज्या गुणाचे श्रेय आपण पाठशाळेला देतो, तो निदान काही अंशी धोंडीच्या फडात शिकलेला असू शकतो.

आणि धोंडी? शाहीर म्हणून त्याची स्वतःची बाजू कोणी मांडली नाही. राम जोशांच्या चरित्रातील एक पात्र म्हणूनच तो आपल्याला भेटतो, तोही पहिल्या प्रकरणात. जोशांचा पोरगा फडात येऊन बसला तेव्हा त्याला बसू देणारा, त्याच्या कच्च्या लावण्या आपल्या गळ्यातून लोकांपुढे मांडणारा, कोणती ओळ पडते आणि कोणती उठते हे त्याला दाखवणारा हा माणूस. तीच गत बयेची. तिच्या अदेसाठी शब्द रचले गेले, शब्द राहिले. शिष्याने आपल्या लावण्यांत 'कविराय' अशी मुद्रा घातली. गुरूची मुद्रा कुठे गेली ते त्या काळच्या श्रोत्यांनाच माहीत.

याच जिल्ह्यात, बार्शीत, १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल जन्मला आणि अमर शेख झाला. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात तो गायला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्याचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवायही पोचत असे, असे ऐकणारे सांगत. १९६९ साली अण्णाभाऊ जुलैत गेले आणि सहा आठवड्यांत अमर शेख अपघातात. या दोघांत मोठा कोण, यावरही जुने कार्यकर्ते तावातावाने भांडत असत. अण्णाभाऊंची लेखणी की शेखांचा गळा? होनाजी आणि बाळाचा प्रश्न दीडशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला होता, आणि या वेळी दोघांना एका नावात बसवणे शक्य नव्हते.

पुढच्या आठवड्यात राम जोशी शिकवताना मी वर्गात हे सगळे बोललो. एमिनेमची बाजू घेणारा मुलगा मागच्या बाकावर होता. तास संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "सर, ते राम जोशांचं ठीक आहे. पण कलगी-तुऱ्याच्या फडात राम जोशी आणि धोंडी समोरासमोर आले असते, तर तुम्ही कुणाकडून बसला असता?" मी म्हटले, लावण्या वाचून असशील तर राम जोशांकडून, ऐकून असशील तर सांगता येत नाही. "म्हणजे जवाब चुकला, सर," तो म्हणाला, आणि दारात थांबलेल्या मित्रांना ते ओरडून सांगत निघून गेला.