पैठणी पैठणहून येवल्याला का गेली? आणि आपल्या जालन्याच्या रेशमाचं काय?

लग्नसराई आली की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. रोमन लोक पैठणी विकत घ्यायला यायचे आणि वजनाला वजन सोनं मोजून न्यायचे, असा. वाटूर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा हा विषय निघतो आणि सगळे माना डोलावतात. मंडळी, वाचायला छान वाटतं, पण इतिहास जरा वेगळा आहे. आणि खरा इतिहास आपल्या भागाच्या जास्त कामाचा आहे, म्हणून ही मोठी पोस्ट. वेळ काढून वाचा.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांची एक माहितीपुस्तिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात आपल्या भागातल्या दोन शहरांची नावं येतात, पैठण आणि तगर. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं तो लिहितो. माल गाड्यांमधून भडोचला जायचा. पण कुठून काय जायचं? पैठणहून अकिकासारखे किमती दगड, आणि कापड, मलमल वगैरे तगरहून. पैठणी साडीचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे सातवाहनांच्या काळी इथं विणकाम नव्हतं असं नाही. गोदाकाठ कापडाच्या व्यापारात दोन हजार वर्षांपासून आहे, एवढं पक्कं. पण आज आपण जिला पैठणी म्हणतो, ती साडी रोमन राण्या नेसत होत्या असं सांगायला पुरावा लागतो.

मग पैठणीत एवढं विशेष काय? माझ्या मते तिचं मोठेपण तिच्या वयात कमी आणि विणण्याच्या रीतीत जास्त आहे.

साध्या कापडात उभा ताणा असतो आणि आडवा बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातो. पैठणीच्या पदरात तसं होत नाही. मोराची मान निळी असेल तर निळा धागा फक्त मानेपुरता जातो आणि तिथूनच मागं वळतो. शेजारची जर तिच्या हद्दीपुरती. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, तिला तिल्ली म्हणतात. पदर रंगात आला की मागावर अशा कितीतरी तिल्ल्या लोंबत असतात. दोन रंग जिथं भेटतात तिथं धागे एकमेकांत अडकवून घ्यायचे, नाहीतर मध्ये फट राहते. अंग आणि दोन्ही काठ यांच्यासाठी तीन वेगळे धोटे चालतात आणि तेही एकमेकांत गुंतवत न्यावे लागतात. म्हणजे इथं आधी कापड आणि मग त्यावर नक्षी असा प्रकार नाही. नक्षी हेच कापड. म्हणून खरी पैठणी उलटी करून बघा, पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो.

या रीतीला जगभर टॅपेस्ट्री म्हणतात. फ्रान्समध्ये 14व्या लुईच्या काळात, 1662 साली पॅरिसच्या गोबलँ कारखान्याला राजाश्रय मिळाला. तिथं भिंतीएवढी चित्रं याच तत्त्वावर विणली जायची. काश्मीरची कानी शालही याच घराण्यातली. म्हणजे आपल्या गोदाकाठच्या विणकराचं नातं थेट या मंडळींशी लागतं. यात फुशारकी नाही, ही विणकामाची साधी वस्तुस्थिती आहे.

पण एक फरक नीट बघा. गोबलँमध्ये चित्र चित्रकार काढायचा आणि कारागीर विणायचा. काश्मिरात नक्षी काढणारा वेगळा, ती 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत उतरवणारा वेगळा आणि विणणारा वेगळा. पैठणीत जुन्या विणकरांना नक्षी धाग्यांच्या हिशोबात पाठ असायची. आता आलेखाच्या कागदावर काढून तो कागद ताण्याखाली ठेवतात आणि चौकटी मोजत विणतात. आपल्याकडे सरकारनंही 1950च्या दशकात विणकर सेवा केंद्रं काढली आणि त्यात चित्रकार नेमले. अलिबागजवळच्या नागावचे मोठे चित्रकार प्रभाकर बरवे यांनी तिथं अनेक वर्षं काम केलं. कारण उघड आहे. नवी नक्षी करता येत नसेल तर विणकर नुसता मजूर राहतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पैठणी पैठणहून गेली कशी?

थोरल्या माधवराव पेशव्यांनी आसावली नक्षीचे दुपट्टे मागवल्याचे उल्लेख आहेत. आसावली म्हणजे फुला-वेलीची नक्षी. औरंगजेबाच्या काळातल्या नक्षीला त्याचं नाव चिकटलं. पुढं हैदराबादचे निजाम मोठे गिऱ्हाईक झाले. 1931 साली निजामाच्या घरात सून म्हणून आलेल्या निलोफर या तुर्की राजकन्येनं पदर-काठात नवीन नक्षी आणली, असं सांगतात. मुद्दा काय, तर मागणी दरबाराची होती. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. आपल्यासाठी तो सोन्याचा दिवस. पण दरबार गेला तसं दरबाराचं गिऱ्हाईकही गेलं. पैठणच्या मागांना तेव्हा दुसरा मालक तयार नव्हता.

येवल्याचं तसं नव्हतं. गाव वसवणाऱ्या रघोजी नाईकांनी पैठणहून विणकर आणून त्यांना घरं दिली, असं येवलेकर सांगतात. पेशव्यांनी गाव विंचूरकरांकडे दिलं. 19व्या शतकात दौंड-मनमाड रेल्वे येवल्यावरून गेली. पैठणला आजही रेल्वे नाही. व्यापारी येवल्याला, भांडवल येवल्याला, रेल्वे येवल्याला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिथं घराघरात माग राहिला. आई कांड्या भरतेय, बाप विणतोय, पोरगं बाजूला बसून तिल्ल्या देतंय, असं शिक्षण चालू राहिलं. गावाचं नाव साडीला राहिलं पैठणचं आणि हात राहिले येवल्याचे. पुढं राज्य सरकारला पैठणमध्ये प्रशिक्षण केंद्र काढून ही विद्या परत शिकवावी लागली. ज्या गावाच्या नावानं साडी, त्याच गावात ती शिकवायला सरकारी वर्ग! कुणाला हसू येईल, पण ते केंद्र झालं म्हणूनच आज पैठणमध्ये बायका मागावर बसलेल्या दिसतात.

तिथं मी माग चालताना पाहिलाय. शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी मोर देत नाहीत. आधी रेशमाची लड उलगडून कांड्या भरायच्या. मग नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या ताण्याच्या टोकाला पीळ देऊन जोडायचा, त्याला सांधणी म्हणतात. मग साधं अंग विणायचं, मग नारळी काठ, मग बुट्टी, आणि शेवटी पदर. बारीक नक्षी असेल तर दिवसभराच्या कामात पदर बोट-दोन बोटं पुढं सरकतो. साडीला महिन्यापासून वर्षभराच्या वरही लागतं. दुकानात किंमत ऐकून आपण दचकतो, तेव्हा हे दिवस मोजत नाही.

आणि बाजारात दुसरीकडे यंत्रावरची 'पैठणी' ढिगानं येते. 2004 पासून 'होम मिनिस्टर'नं पैठणी घराघरात नेली, मागणी वाढली, ते चांगलंच झालं. पण मागणीचा मोठा वाटा यंत्रमागानं खाल्ला. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालंय, हातमागाचा आणि रेशमाचा शिक्का आहे, पण घेताना विचारतो किती जण?

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू. 2018 साली जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली. त्याआधी आपल्या शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. कापसानं दगा दिला म्हणून तुतीकडे वळलेली घरं आपल्या परतूर-मंठा पट्ट्यातही आहेत. पण पैठणीचं रेशीम पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरकडून येतंय. म्हणजे कोष इथं, माग शेजारच्या जिल्ह्यात, आणि मधला धागा दक्षिणेतून! कापसाचं आपण हेच केलं. गाठी बांधून पाठवल्या आणि कापड विकत आणलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कोषापासून धागा, धाग्याला पीळ, रंग आणि विणकाम ही साखळी जालना-पैठणच्या टप्प्यात बसू शकते. त्यासाठी जिल्ह्यात पैठणी विणकामाचा प्रशिक्षण वर्ग हवा. फक्त धोटा मारायला शिकवणारा नको, नक्षी काढायला, रंग जुळवायला आणि मालाचा हिशोब मांडायलाही शिकवणारा. वर्ग तीन महिन्यांचा करून फोटो काढून चालणार नाही. शिकताना मुलीला विद्यावेतन हवं, आणि नंतर माग आणि रेशीम उधारीवर मिळायला हवं. नाहीतर सर्टिफिकेट भिंतीवर आणि पोरगी परत सोयाबीन काढायला, हे ठरलेलं.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. मतं मागायला येतील त्यांना विचारा. बचत गटाच्या ताईंनी ठराव करून द्यावा, बातमी मी लावतो. आणि यंदा घरात लग्न असेल आणि पैठणी घेणार असाल, तर दुकानदाराला एकच सांगा, दादा, पदर उलटा करून दाखवा. मागं धागे लोंबत किंवा कापलेले दिसले, तर साडी यंत्राची आहे. परवडत असेल तर तीही घ्या, काही हरकत नाही, पण भाव हातमागाचा देऊ नका.

तुमच्या गावात कुणाच्या घरी जुनी पैठणी पेटीत असेल, किंवा तुती लावलेलं कुणी असेल, तर कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा.